गुणसूत्रांच्या जोड्या : भंडारा जिल्ह्याच्या सजीवसृष्टीच्या आधारे एक विवेचन

भंडारा जिल्ह्यातील एखाद्या मालगुजारी तलावाच्या पाळीवर उभे राहिले असता सजीवसृष्टीचे केवढे वैविध्य एका दृष्टिक्षेपात सामावते, हे या भागात हिंडलेल्या कोणाही अभ्यासकास सांगावयास नको. पाळीच्या खाली धानाच्या बांध्या असतात. धान कापणीस येण्यापूर्वी त्यातच फेकून पेरलेली लाखोळी अंकुर धरू लागलेली असते. पाण्यात रोहू व कटला असतात. काठावर म्हशी डुंबत असतात. आणि पलीकडच्या रानात ऐन व अर्जुन या वृक्षांच्या पानांवर कोशाच्या अळ्या पोसल्या जात असतात. या सर्वांकडे पाहणारा माणूसही त्याच सृष्टीचा एक घटक होय. बाह्यतः या जीवांत काहीही साम्य नाही. तथापि त्यांपैकी प्रत्येकाच्या पेशीकेंद्रात एक व्यवस्था समान आहे. ती म्हणजे आनुवंशिक द्रव्याचे धागे जोडीजोडीने नांदतात. धानाच्या पेशीत अशा १२ जोड्या आहेत, लाखोळीत ७, रोहूत व कटल्यात प्रत्येकी २५, पाणम्हशीच्या आपल्याकडील प्रकारात २५, कोशाच्या पतंगात ३१ आणि मनुष्यात २३.

या संख्यांचा अर्थ काय, मुळात जोडी कशासाठी, आणि जोडीतील एका घटकात उणेपणा असेल तर काय घडते, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. यांपैकी तिसरा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. या जिल्ह्यातील अनेक कुटुंबांच्या सुखदुःखाशी तो निगडित आहे.

गणनेचा इतिहास

पेशीविभाजनाच्या वेळी रंगद्रव्य शोषून घेणारे हे धागे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्टपणे पाहिले गेले. १८८८ मध्ये वाल्डायर यांनी त्यांस जे नाव दिले, त्याचा शब्दशः अर्थ ‘रंगीत देह’ असा होतो. म्हणूनच मराठीत त्यांस काही काळ ‘रंगसूत्र’ म्हणत. पुढे त्यांचे कार्य उमगल्यावर ‘गुणसूत्र’ हा अधिक अन्वर्थक शब्द रूढ झाला. १९०२-०३ मध्ये सटन यांनी नाकतोड्याच्या पेशींत ही सूत्रे आकाराने सारख्या अशा जोड्यांनी असतात, हे दाखवून दिले. मेंडेल यांनी वाटाण्यावरील प्रयोगांतून जे गुणांचे ‘घटक’ अनुमानिले होते, ते याच जोड्यांवर वसत असावेत, असा निष्कर्षही त्यांनी काढला.

मनुष्याच्या बाबतीत मात्र साधी मोजणीही दीर्घकाळ चुकीची राहिली. १९२३ मध्ये पेंटर यांनी ४८ ही संख्या प्रसिद्ध केली. तत्पूर्वी त्यांना स्वतःलाच काही पेशींत ४६ ही संख्या दिसली होती. परंतु ऊतींच्या पातळ छेदांत सूत्रे एकमेकांवर आलेली असल्याने निर्णय करणे कठीण होते. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ पाठ्यपुस्तके ४८ हाच आकडा सांगत राहिली. १९५२ मध्ये शू यांना क्षीण क्षारद्रावणात पेशी फुगतात व सूत्रे विलग होतात, हे आढळले. कॉल्चिसीन या द्रव्याने विभाजन मध्येच थांबविता येते, हेही तोवर ज्ञात झाले होते. या दोन युक्तींचा मेळ घालून ट्यो व लेव्हान यांनी स्वीडनमधील लुंड येथे १९५५ च्या डिसेंबरात मानवी भ्रूणाच्या फुप्फुसातील पेशींची गणना केली. त्यांना सातत्याने ४६ सूत्रे आढळली आणि १९५६ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. त्याच वर्षी फोर्ड व हॅमर्टन यांनी वृषणातील पेशींत प्रत्यक्ष २३ जोड्या पाहिल्या. मान्यवरांनी सांगितलेला आकडा डोळ्यांपुढील पुराव्यावर किती काळ सावली धरू शकतो, याचे हे उदाहरण पदव्युत्तर विद्यार्थ्याने नित्य स्मरणात ठेवावे असे आहे.

संख्या आणि श्रेष्ठता

अधिक जोड्या म्हणजे अधिक प्रगत जीव, अशी समजूत नवख्या विद्यार्थ्यांत सहज आढळते. वर दिलेले आकडेच तिचे निरसन करण्यास पुरेसे आहेत. मनुष्यापेक्षा कोशाच्या पतंगात आठ जोड्या अधिक आहेत. गाय व शेळी या दोहोंत प्रत्येकी ३० जोड्या आहेत, परंतु म्हणून त्या एकमेकींच्या अधिक निकट ठरत नाहीत. तलावात सोडल्या जाणाऱ्या सायप्रिनस माशात, म्हणजे कॉमन कार्पमध्ये, ५० जोड्या आहेत. प्राचीन काळी त्याच्या पूर्वजांत संपूर्ण संच दुप्पट झाल्याचा तो परिणाम होय.

सर्वांत बोधप्रद उदाहरण नागझिऱ्याच्या रानात सापडते. भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत पसरलेल्या या अरण्यात भेकर हे लहानसे हरीण वावरते. भारतीय भेकराच्या मादीत अवघी ६ व नरात ७ गुणसूत्रे असतात. १९७० मध्ये वुर्स्टर व बेनिर्श्के यांनी ही गोष्ट प्रसिद्ध केली, तेव्हा सस्तन प्राण्यांत इतकी अल्प संख्या प्रथमच नोंदली गेली. याउलट चीनमधील त्याच्या निकटच्या आप्तात ४६ गुणसूत्रे आहेत. भारतीय भेकराचे आनुवंशिक द्रव्य नाहीसे झालेले नाही. अनेक लहान सूत्रे एकापुढे एक जोडली जाऊन मोजकी पण प्रचंड लांबीची सूत्रे बनली आहेत. नरातील सातव्या सूत्राचे कोडेही यातूनच सुटते. त्याचे ‘क्ष’ सूत्र एका अलिंगी सूत्राशी कायमचे सांधले गेले आहे. त्यामुळे त्या अलिंगी सूत्राचा सुटा जोडीदार आणि ‘य’ सूत्र अशी दोन सूत्रे त्या एकाच्या समोर उभी राहतात.

मनुष्याच्या पूर्वेतिहासातही असाच एक सांधा आहे. चिंपांझी, गोरिला व ओरांगउटान यांच्यात २४ जोड्या आहेत. मनुष्याचे दुसऱ्या क्रमांकाचे सूत्र त्यांच्यातील दोन सूत्रे टोकास टोक जुळून बनले आहे. त्या जोडाची खूण १९९१ मध्ये रासायनिक क्रमातच आढळून आली. यावरून दिसून येईल की संख्या ही सूत्रांच्या बांधणीची हकीकत सांगते, जीवाची योग्यता नव्हे. एकाच ग्रंथाचे तीन जाड खंड बांधले काय किंवा तेवीस लहान खंड बांधले काय, मजकुरात त्यामुळे भर पडत नाही.

जोडीचे कार्य

जोडीतील एक सूत्र मातेकडून व दुसरे पित्याकडून आलेले असते. ही दोन्ही सूत्रे लांबीने व जनुकांच्या क्रमाने सारखी असतात. म्हणून त्यांस समजात सूत्रे म्हणतात. शरीराच्या वाढीसाठी पेशीचे विभाजन होते, तेव्हा प्रत्येक सूत्राची प्रतिकृती बनून दोन्ही कन्यापेशींस पूर्ण संच मिळतो. युग्मके बनविणारे अर्धसूत्री विभाजन मात्र निराळे असते. त्यात समजात सूत्रे प्रथम एकमेकांस शोधून लांबीभर जुळतात, आपापले काही खंड परस्परांत बदलून घेतात आणि मग विलग होऊन भिन्न पेशींत जातात. परिणामी प्रत्येक युग्मकास प्रत्येक जोडीतील एकच सूत्र मिळते, आणि फलनानंतर जोडी पुन्हा पूर्ण होते.

कोणत्या जोडीतील मातृसूत्र कोणत्या बाजूस जाईल, हे इतर जोड्यांवर अवलंबून नसते. यास्तव खंडांची अदलाबदल क्षणभर बाजूस ठेविली, तरी लाखोळीच्या ७ जोड्यांतून १२८ प्रकारची, धानाच्या १२ जोड्यांतून ४,०९६ प्रकारची आणि मनुष्याच्या २३ जोड्यांतून ८३,८८,६०८ प्रकारची युग्मके संभवतात. कोशाच्या पतंगात हाच आकडा २,१४,७४,८३,६४८ इतका होतो. भेकराच्या मादीत तो केवळ ८ येतो. येथे जोड्यांच्या संख्येस खरा अर्थ प्राप्त होतो. सूत्रे जितकी थोडी व लांब, तितके एकाच सूत्रावरील गुण एकत्र वाहून नेले जातात. सूत्रे जितकी अधिक, तितकी गुणांची फेरमांडणी मोकळी. पतंगवर्गाच्या माद्यांत खंडांची अदलाबदल घडत नाही. तेथे फेरमांडणीचा सर्व भार सूत्रांच्या स्वतंत्र वाटणीवरच पडतो.

लिंगनिश्चिती हीदेखील एका जोडीचीच कथा आहे. मनुष्यात स्त्रीची विसावी-एकविसावी नव्हे, तर शेवटची तेविसावी जोडी ‘क्ष-क्ष’ अशी सम व पुरुषाची ‘क्ष-य’ अशी विषम असते. म्हणजे अपत्याचे लिंग पित्याच्या शुक्रपेशीवर ठरते. पतंगांत व पक्ष्यांत हा क्रम उलट असून तेथे विषमता मादीकडे असते. मुलगी झाली म्हणून सुनेस बोल लावणाऱ्या घरात हे साधे सत्य पोहोचले असते, तर कितीतरी अन्याय टळला असता.

जोडीदार न मिळाल्यास

जोडीचे महत्त्व ती मोडते तेथे अधिक स्पष्ट होते. घोड्यात ६४ व गाढवात ६२ सूत्रे असतात; त्यांच्या संकरातून जन्मलेल्या खेचरात ६३ येतात. खेचराचे शरीर दणकट असते, कारण शरीरपेशींच्या विभाजनास जोडीदाराची गरज नसते. परंतु युग्मके बनविताना सूत्रे नीट जुळत नाहीत आणि म्हणून खेचर जवळजवळ सर्वदा वंध्य असते. खाण्याच्या केळीची गोष्टही अशीच आहे. तिच्यात ११ सूत्रांचे तीन संच, म्हणजे ३३ सूत्रे असतात. तिघांत जोडी लागत नाही, म्हणून बी धरत नाही, आणि लागवड कंदापासून निघणाऱ्या फुटव्यांनी करावी लागते.

आता याच कसोटीवर तलावातील माशांकडे पाहावे. रोहू व कटला यांची गणना परंपरेने दोन भिन्न वंशांत केली जात आली आहे. तथापि दोहोंत २५ जोड्या असून त्यांची बांधणी इतकी सारखी आहे की त्यांच्या संकरातून झालेले मासे वंध्य नसून प्रजननक्षम असतात. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काने या माशांचे प्रवर्तित प्रजनन यशस्वी केले आणि बीज नदीतून गोळा करण्याची निकड संपली. परंतु एकाच कुंडात निरनिराळ्या जाती एकत्र प्रजननास सोडल्यास संकर नकळत होतो आणि तो पुढील पिढ्यांतही मिसळत जातो. खेचराचा प्रश्न त्याच्याबरोबरच संपतो. या माशांचा संपत नाही. ढिवर बांधवांनी तलावात सोडलेले बीज शुद्ध आहे की नाही, हा प्रश्न म्हणूनच मूलतः गुणसूत्रांच्या जुळणीचा प्रश्न आहे.

मनुष्यात विलगीकरण चुकले तर त्याचे परिणाम गंभीर होतात. १९५९ मध्ये लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी डाउन लक्षणसमूह असलेल्या बालकांत एकविसाव्या क्रमांकाची दोनऐवजी तीन सूत्रे असल्याचे सिद्ध केले. तेथे कोणतेही जनुक सदोष नसते. केवळ एका लहान सूत्राची एक प्रत अधिक असते, आणि तेवढ्याने शरीराचा तोल बदलतो.

जोडीतील आच्छादन

जोडीचा आणखी एक परिणाम असा की एका सूत्रावरील जनुक निकामी असले, तरी जोडीदारावरील निर्दोष जनुक बहुधा काम भागवून नेते. जोडी हे एक प्रकारचे आच्छादन होय. ते हितकारक आहे, परंतु ज्यावर ते पडते ते दिसेनासेही होते.

धानाच्या पैदाशीत याचा प्रत्यय येतो. जिवाणूजन्य करप्याचा प्रतिकार करणारी जी जनुके ज्ञात आहेत, त्यांपैकी अकराव्या सूत्रावरील एक्सए-२१ हे प्रभावी आहे. त्याची एक प्रत पुरते. आठव्या सूत्रावरील एक्सए-१३ हे मात्र अप्रभावी आहे. जोडीतील दोन्ही सूत्रांवर ते असेल तरच रोपटे रोगास तोंड देते. एकच प्रत असलेले रोपटे रोगग्रस्त रोपट्याहून बाहेरून निराळे दिसत नाही, म्हणून निवड करणाऱ्यास जनुकाची चाचणीच करावी लागते. या पद्धतीने तीन जनुके एकत्र आणून सुधारित सांबा महसुरी हा वाण २००८ मध्ये प्रसारित झाला. धान स्वपरागित असल्याने अप्रभावी जनुकाची जोडी काही पिढ्यांत स्थिर करता येते. मनुष्याच्या बाबतीत हा नियम तोच राहतो. मात्र तेथे जुळवाजुळव करणारा पैदासकार नसतो, विवाह असतो.

मनुष्याच्या अकराव्या सूत्रावर रक्तातील हिमोग्लोबिनाच्या ‘बीटा’ साखळीचे जनुक आहे. (धानाचे अकरावे व मनुष्याचे अकरावे यांत क्रमांकापलीकडे काही नाते नाही, हे ओघानेच सांगितले पाहिजे.) या साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, हे इन्ग्रॅम यांनी १९५७ पर्यंत स्पष्ट केले. एवढ्या फरकाने प्राणवायू कमी होताच तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, केशवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना, पंडुरोग व अवयवांची हानी उद्भवते. हाच सिकलसेल रोग. भारतात हे लक्षण १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत प्रथम नोंदले गेले. १९५८ मध्ये शुक्ला व सोलंकी यांनी नागपूर येथून मध्य भारतातील त्याच्या आढळाविषयी वृत्त प्रसिद्ध केले. भंडाऱ्यासह विदर्भाच्या पूर्व भागात हे जनुक आदिवासी व बिगर-आदिवासी अशा अनेक समाजांत आढळते. त्याचे कारणही जोडीतच आहे. एकच सदोष प्रत असणाऱ्यास तीव्र हिवतापापासून काही संरक्षण लाभते, हे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखविले. रानावनाच्या व पाणथळीच्या प्रदेशात हे जनुक टिकून राहिले, ते यामुळे.

एका सूत्रावर सदोष जनुक व दुसऱ्यावर निर्दोष, अशी व्यक्ती ‘वाहक’ होय. वाहक हा रोगी नव्हे. तो शेतात राबतो, त्याचे आयुष्य सर्वसाधारण असते आणि चाचणीवाचून त्यास स्वतःची स्थिती कळतही नाही. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी चारांत एक शक्यता रोगाची, चारांत दोन वाहक होण्याची आणि चारांत एक पूर्ण निर्दोष जोडीची असते. वाहकाचा विवाह निर्दोष व्यक्तीशी झाल्यास कोणतेही अपत्य सिकलसेलचा रोगी होत नाही.

या गणिताविषयी दोन गैरसमज आढळतात. पहिला असा की एक मूल आजारी झाले, म्हणजे पुढील तीन सुरक्षित. हे सर्वथा चूक आहे. सूत्रांच्या वाटणीस पूर्वीच्या वाटणीचे स्मरण नसते. प्रत्येक वेळी शक्यता नव्याने तीच राहते. दुसरा गैरसमज अधिक क्रूर आहे. रोगी बालकाचा दोष मातेच्या माहेरास दिला जातो. परंतु हा रोग एका बाजूने येऊच शकत नाही; जोडीतील एक सूत्र पित्याने दिलेले असते व त्यावरही तेच जनुक असते. ज्या घरात हा रोग प्रकट झाला, त्या घरात दोन्ही कुळांचा वाटा समसमान आहे.

चाचणीसंबंधीही एक सूचना आवश्यक वाटते. विद्राव्यता चाचणी स्वस्त व शीघ्र आहे, परंतु ती वाहक व रोगी यांत भेद करीत नाही आणि बीटा-थॅलसेमियाचे वाहकही दाखवीत नाही. एक सूत्र सिकलसेलचे व दुसरे थॅलसेमियाचे, अशी जोडी झाल्यासही रोग उद्भवतो. म्हणून पहिल्या चाचणीनंतर विद्युत्-संचरण किंवा स्तंभवर्णलेखन यांनी निदान पक्के करणे अगत्याचे आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानास मध्य प्रदेशातील शहडोल येथे १ जुलै २०२३ रोजी आरंभ झाला असून त्याने २०४७ हे वर्ष उद्दिष्ट म्हणून ठेविले आहे. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढून वेदनांचे झटके कमी होतात; जनुक-संपादनावर आधारलेल्या पहिल्या उपचारास २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिका येथे मान्यता मिळाली. परंतु ते उपचार अतिशय खर्चिक आहेत. विवाहापूर्वीची साधी रक्तचाचणी मात्र गावपातळीवरही शक्य आहे.

उपसंहार

वरील विवेचनावरून एवढे ध्यानात येईल की गुणसूत्रांच्या अभ्यासात संख्येपेक्षा जोडीचा संबंध अधिक मोलाचा आहे. भेकरास तीन जोड्यांनी भागते, पतंगास एकतीस लागतात. त्यातून कोणी श्रेष्ठ वा कनिष्ठ ठरत नाही. जोडी जुळते तेथे वंश पुढे चालतो. जुळत नाही तेथे तो थांबतो. आणि जोडीतील एक दुसऱ्यास झाकतो, तेथे दोष पिढ्यान्‌पिढ्या मुकाट्याने प्रवास करतो.

प्राणिशास्त्राचा वा वनस्पतिशास्त्राचा जो विद्यार्थी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत अर्धसूत्री विभाजनाची आकृती काढतो, त्याच्याच गावात कदाचित एखादे कुटुंब आपल्या आजारी मुलाचे कारण शोधीत असेल. ती आकृती त्या कुटुंबास सोप्या मराठीत समजावून सांगता आली, वाहक म्हणजे रोगी नव्हे व दोष एकट्या मातेचा नव्हे हे पटवून देता आले, तर त्या अध्ययनाचे सार्थक झाले असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.